एक्केचाळीस चाकू आणि खिशात एकच

पत्र (थोडं कापून)

काका, मी डोंबिवलीत राहतो, वय ३९. २०१४ साली ऑफिसातल्या मित्रानं झुरिकहून लाल रंगाचा स्विस चाकू आणला, तिथून हे वेड लागलं. आज ४१ चाकू आहेत. एक्सेलमध्ये यादी आहे: पोलाद, लॉक (उघडलेलं पातं मिटू न देणारी कळ), वजन, किंमत. आधी काळे, जाडजूड, कमांडो छापाचे घेतले. मग पोलादाच्या नावांचा नाद लागला, मग दमास्कस नावाच्या नक्षीदार पोलादाचा. गेले आठ महिने मात्र खिशात फक्त लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल असतो, ८ नंबरचा, यादीतला जवळजवळ सगळ्यात स्वस्त. बाकीच्यांचा खण उघडावासाही वाटत नाही. बायको म्हणते, 'गिटार झाली, कॅमेरा झाला, आता चाकूही झाले.' माझी आवड बदलली की संपली? सगळे विकून एकच भारी, शेवटचा असा सेबेन्झा, म्हणजे महागडा अमेरिकी घडीचा चाकू, घ्यावा असं मनात आहे. घेऊ का? मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही चाकू हाताळायचा असतो, देऊ का?

ता. क. गावी गुहागरला आजोबांची कोयती आहे. ती अर्थात संग्रहात मोजलेली नाही.

उत्तर

ताजा कलम आधी घेतो, कारण मी अडखळलो तो तिथंच. ४१ चाकूंचं पोलाद तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि ज्या हत्यारानं आजोबांनी नारळ सोलले, झावळ्या तोडल्या, कवळ (शेतासाठीचा झाडपाला) तोडली, ते 'अर्थात' मोजलेलं नाही. त्या 'अर्थात'कडे मी पुन्हा येणार आहे.

दुसरी एक गोष्ट. तुमच्या मूळ पत्रात पोलाद आहे, लॉकचे चार प्रकार आहेत, वजनं ग्रॅममध्ये आहेत. 'धार' हा शब्द एकदाही नाही. मी बोट ठेवून शोधला.

आता मुख्य प्रश्न. आवड संपली असती तर खिशात एकही चाकू नसता. आठ महिने रोज सकाळी तुम्ही ४१ मधून एकच उचलताय आणि ती निवड तुमच्या एक्सेलला मान्य नाही, एवढाच घोळ आहे. गिटार-कॅमेऱ्याच्या बाबतीत वहिनींचं बरोबर असेल, त्यात मी पडत नाही. चाकूंच्या बाबतीत मात्र तुम्ही अगदी वेळेवर त्या वळणावर आला आहात जिथं बहुतेक चाकूवाले येतात. माझं हे वळण एका दिवसात आलं आणि जरा फजितीनं आलं.

भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी ३१ वर्षं काढली. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती, १९८३ असेल. प्रेसच्या डाय-पंचांसाठी, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यांसाठी, आम्ही जे पोलाद वापरायचो त्याला कारखान्यात सगळे 'एचसीएचसीआर' म्हणत, हाय कार्बन हाय क्रोम. तुमच्या यादीत सात वेळा आलेलं डी-२ याच घराण्यातलं: दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. पंच कापून उरलेला पट्टीचा तुकडा उस्तादांना विचारून घेतला आणि महिनाभर जेवणाच्या सुट्टीत घासून पातं काढलं. भट्टीत हजार अंशांच्या वर तापवलं, बाहेर काढून निवू दिलं. (हे पोलाद नुसत्या हवेत कडक होतं, पाण्यात बुडवलं तर तडकण्याचीच भीती. तरी आमच्या तोंडी शब्द 'पाणी दिलं' हाच.) कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर आकडा आला ६३. यानंतर पातं पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून जरासं नरमवायचं असतं, ते टेम्परिंग. मी केलंच नाही. दोन-तीन आकडे उतरतील म्हणून!

घरी आई करवंटीतून खोबरं काढत होती. मी मोठ्या ऐटीत तिच्या हातातली सुरी बाजूला ठेवली आणि माझा चाकू घातला. टोक खोबऱ्याखाली सारून जरा तिरकं दाबलं आणि टक्. अर्धा इंच टोक उडून ओट्यामागच्या भिंतीवर आपटलं. आई काही बोलली नाही. तिनं तिची सुरी उचलली आणि उरलेलं खोबरं काढलं. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तुकडा हातात फिरवून बघितला. म्हणाले, "पाणी झकास दिलंस. पण हा चाकू नाही रे, काच आहे."

तुमचे ४१ पैकी निम्मे तुम्ही त्याच तंद्रीत घेतले असणार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुरुवातीला सगळ्यांनाच जाड पातं आवडतं. चार मिलिमीटरची पाठ, काळा मुलामा, मुठीजवळ करवतीसारखे दात, आणि लॉक असा की वर उभं राहिलं तरी मिटू नये. चाकू हातात आला की माणूस मनानं अमेझॉनच्या जंगलात असतो, आणि प्रत्यक्षात डोंबिवलीत कुरिअरचं खोकं फोडत असतो. त्या खोक्याला लॉकची ताकद लागत नाही, पण हे कळायला पाच-पन्नास खोकी फोडावी लागतात.

मग पोलादांची नावं येतात. इथं तर पुरुषमंडळी तासन्‌तास रमतात. २००१ च्या सुमारास अमेरिकेत खास चाकूंसाठी एस३०व्ही आलं. त्याआधी चाकूवाले बहुतेक दुसऱ्या धंद्यांसाठी बनलेलं पोलाद उचलत, बेअरिंगचं, डायचं, टर्बाइनचं. २०२१ साली लॅरिन थॉमस या धातुतज्ज्ञाचं मॅग्नाकट आलं आणि पुन्हा सगळ्यांच्या याद्या बदलल्या. ही पोलादं खरोखर चांगली आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण पोलादात तीन मागण्या कायम भांडत असतात: कडकपणा, चिवटपणा आणि गंज न धरणं. एकीकडं ओढलं की दुसरीकडं उघडं पडतं. शिवाय तक्त्यातला आकडा बघून चाकू घेणं म्हणजे पत्रिका बघून लग्न ठरवण्यासारखं आहे. ३६ पैकी ३४ गुण जुळतात आणि संसारात रोज भांडण.

तुमचा लाल स्विस चाकू घ्या. कार्ल एल्सेनरनं १८८४ साली स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू दिले, १८९७ मध्ये 'अधिकाऱ्यांचा चाकू' नोंदवला. आपण ज्याला स्विस चाकू म्हणतो तो या १८९७ च्या चाकूचा वंशज. त्याच्या पात्याचा कडकपणा रॉकवेलवर ५६ च्या आसपास असतो. पोलादाच्या नादातली मंडळी या आकड्याला हसतात. तुमच्याही यादीत त्याच्यासमोर 'मऊ' असा शेरा असेल, पैज लावतो. आता सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चाकू करणाऱ्या घराला ६० चं पोलाद मिळत नसेल का? त्यांनी ५६ राखलंय कारण तो चाकू सैनिकाच्या, शिक्षकाच्या, गुराख्याच्या खिशात जायचाय आणि यातल्या कुणाकडेही हिऱ्याची धारपट्टी नसते. घरातला चिनी मातीचा कप उपडा करा. बुडाची जी खरबरीत, न चकाकणारी कड असते तिच्यावर हा चाकू दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा हलक्या हातानं ओढा. टोमॅटोची साल उतरवण्याइतका होतो. तुमचा एस३०व्ही त्या कपावर घासून बघा, कप झिजेल.

तरी आवड बदलण्यामागचं खरं कारण पोलाद नाही. ते आहे पात्याची ठेवण, म्हणजे काठामागं, धारेच्या लगेच मागं, धातू किती जाड आहे. हे वाचून कळत नाही, म्हणून आज संध्याकाळी एक करा. बाजारातून दोन जाड गाजरं आणा. तुमचा सगळ्यात महागडा काळा चाकू घ्या, बुडाकडून गाजरात घाला आणि सरळ खाली दाबा. सुरुवातीचे दोन-चार मिलिमीटर पातं गुमान जाईल. मग अडेल. मग कट्‌ असा आवाज येईल आणि गाजर पुढं आपोआप दुभंगेल. चकती हातात घेऊन बघा: वरचा भाग गुळगुळीत, खालचा फुटलेला, खरबरीत. म्हणजे चाकूनं गाजर कापलं नाही, पाचरीसारखं फोडलं. आता ओपिनेल घ्या. त्याची पाठ दोन मिलिमीटरही नाही आणि काठाकडं ती सारखी निमुळती होत जाते. त्याची चकती अशी पडेल की तिच्या दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत. आवाज नाही, अडणं नाही. तुमच्या हाताला हा फरक आठ महिन्यांपूर्वीच कळलाय. डोक्याला मात्र अजून पावती मिळालेली नाही, कारण एक्सेलमध्ये 'काठामागची जाडी' असा रकानाच नाही.

विळीवर भाजी चिरणाऱ्या बायकांना हे कधी सांगावं लागलं नाही. विळीचं पातं पातळच असतं, आणि जाड झालं की तक्रार त्याच दिवशी होते.

हा ओपिनेलही मुळात शेतकऱ्यांचाच चाकू. फ्रान्सच्या आल्प्समधल्या साव्हॉय भागात जोझेफ ओपिनेलनं तो १८९० मध्ये बनवला. लाकडाची मूठ, एक खीळ, एक पातं. पातं मिटू नये म्हणून फिरवायची पोलादी कडी आली ती थेट १९५५ मध्ये, म्हणजे पासष्ट वर्षं लोकांनी लॉकशिवायच पाव आणि चीज कापलं आणि त्यांची बोटं शाबूत होती. आपल्याकडे याची एकच खोड आहे. जुलैमध्ये लाकूड फुगतं आणि पातं मुठीत रुतून बसतं, नखानं निघता निघत नाही. तेव्हा नखाशी झटू नका. साव्हॉयच्या लोकांची युक्ती आहे: कडी मोकळी करा, चाकू मिटलेलाच ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्‌ करून आपटा, पातं झटक्यानं थोडं वर येतं. तुमच्या पात्यावर 'कार्बोन' (गंजू शकणारं साधं पोलाद) लिहिलंय का 'इनॉक्स' (स्टेनलेस), ते बघून मला कळवा. कार्बोन असेल तर कैरी-लिंबू कापल्यावर ते निळसर-करडं पडेल. तो गंज नव्हे, घासून काढू नका. तांबूस डाग दिसला तरच गंज. कापून झालं की पुसायचं आणि आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं.

आता धारेकडं येतो. सेबेन्झाच्या किमतीचा विसावा भागही नाही अशा पैशात ४०० आणि १००० नंबरचा दुतोंडी दगड मिळतो. आमची आजी त्याला निसणा म्हणायची. तो आणा आणि ओपिनेल नाही, खणातला सगळ्यात नावडता चाकू घ्या, कारण पहिला चाकू तुम्ही बिघडवणारच आहात. काठ मार्करनं काळा करा. दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून चार-पाच मिलिमीटर उचलली, साधारण तीन नाणी एकावर एक, की पंधरा अंशांच्या आसपासचा कोन होतो. चार वेळा ओढा आणि बघा शाई कुठली गेली. वरची गेली असेल तर हात फार आडवा आहे, अगदी टोकाची गेली असेल तर फार उभा. शाई नेमकी काठापर्यंत जाईल तोवर हेच. मग एकाच बाजूनं घासत राहा. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं बोट काठाकडून बाहेर हलकेच सरकवलंत तर नखाला अडकणारी बारीक तार लागेल. कारखान्यात आम्ही तिला बर म्हणतो. ती पूर्ण लांबीभर लागली म्हणजे त्या बाजूचं काम झालं. मग दुसरी बाजू, मग १००० वर, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलटं ओढून ती तार उतरवायची. पहिल्या दिवशी दीड तास लागेल आणि चाकू आधीपेक्षा वाईट होईल. चौथ्या-पाचव्या वेळी वर्तमानपत्राचा कागद सुर्रकन उतरेल.

असे दहा चाकू करा. तुमची यादी आपोआप नव्यानं लागेल. डी-२ वाला दोन तास घासूनही तार देत नाही म्हणून तुम्ही त्याला शिव्या घालाल आणि मग तो महिनाभर बोथट होत नाही म्हणून शिव्या परत घ्याल. अर्ध्या दातांचा चाकू साध्या दगडावर लावताच येत नाही, हे कळेल. एखादा विस्मृतीतला, स्वस्तातला चाकू पाच मिनिटांत वस्तऱ्यासारखा होईल आणि तुम्ही चकित व्हाल. अमेरिकेत १९७६ पासून लोहारांची एक संस्था आहे, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी. तिथली परीक्षा मला फार आवडते. उमेदवारानं स्वतः घडवलेल्या चाकूनं मोकळा लोंबकळणारा इंचभर जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा, मग इमारती लाकडाचा दोन बाय चार इंची तुकडा दोनदा तोडायचा, मग त्याच काठानं हातावरचे केस उतरवून दाखवायचे, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचं. ते मोडता कामा नये. माझा १९८३ चा चाकू या परीक्षेला दारातूनच परत आला असता.

दमास्कसबद्दल दोनच ओळी, कारण त्यावर तुमचे बरेच पैसे गेलेले दिसतात. हल्ली दमास्कस म्हणून मिळतं ते दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकमेकांवर ठोकून केलेलं नक्षीचं पोलाद. जुनं, दंतकथेतलं दमास्कस ज्या पोलादाचं होतं ते मुशीत शिजवलेलं वूट्झ, आणि त्याचा माल आपल्या दख्खनमधून जायचा. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्यासाठी नावाजलेलं गाव. दोन्ही गोष्टी वेगळ्या. ठोकून केलेलं दमास्कस चांगल्या लोहाराच्या हातचं असेल तर सुंदर आणि कामाचं असतं. हजार-बाराशेत मिळणाऱ्याच्या आत मात्र काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. नक्षी कापत नाही.

आता एक सावध सूचना, नाहीतर माझं ऐकून तुम्ही सरसकट सगळं विकायला काढाल. अनुभव वाढला की प्रत्येकजण साध्या, पातळ, एकपाती चाकूवरच येतो असं नाही. माझ्या ओळखीत एकजण झोलिंगेनच्या आणि शेफिल्डच्या जुन्या खिशातल्या चाकूंवर स्थिरावलाय. लॉक नाही, फक्त मागची कमान (स्प्रिंग) पातं धरून ठेवते. दुसऱ्याला जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी लागतो: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, कमानही नाही, पात्याची शेपटी अंगठ्यानं दाबून धरायची. तिसरा घडीचे चाकू सोडून पूर्णपणे स्वयंपाकघरात शिरला आणि घरच्यांना त्याचा फायदा झाला. आणि एक गृहस्थ असे आहेत की ज्यांना वापरायचंच नाही, त्यांना वाण हवं असतं: एकाच वस्तूची शंभर रूपं. ती वृत्ती खोटी नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि आज त्या संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कुलपं बघायला लोक लांबून येतात. त्यातल्या एकाच अडकित्त्यानं रोज सुपारी कातरून भागलं असतं, पण मग आपण काय बघितलं असतं? एकदा जाऊन ते अडकित्ते नीट बघा. तासाभरानं तुम्हाला 'यातला माझ्या हाताला कुठला बसेल' असं वाटलं तर तुम्ही वापरणारे. 'अजून कुठला प्रकार यात नाही' असं वाटलं तर तुम्ही जमवणारे, आणि मग ४१ ही संख्या फार नाही, उलट कमी आहे. तुमच्या पत्रावरून मला पहिलं वाटतं, पण मी पत्रावरून बोलतोय.

यावरूनच सेबेन्झाचं. आत्ता घेऊ नका. चाकू उत्तम आहे यात वाद नाही. ख्रिस रीव्ह दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आला आणि मुठीचीच एक बाजू पात्यामागं अडकणारा लॉक त्यानं या चाकूत आणला. आज निम्मं जग त्याची नक्कल करतं. पण किंमत चारशे डॉलरच्या पुढं, वर कस्टम्स. एवढ्या किमतीचा चाकू तुम्ही दगडावर घासणार नाही, ओरखडा पडेल म्हणून खिशात किल्ल्यांबरोबर टाकणार नाही, आणि सहा महिन्यांत तो खणात एक्केचाळिसांच्या जागी एकटा पडून असेल. झुलू भाषेत 'सेबेन्झा'चा अर्थ 'काम'. त्याला कामच मिळणार नसेल तर नावाचा अपमान आहे. आणि 'शेवटचा चाकू' हे मी आजवर अकरा वेळा ऐकलंय, त्यातले तीन वेळा माझ्याच तोंडून. दहा चाकूंना हातानं धार लावून झाल्यावर, पुढच्या दिवाळीलाही तोच हवासा वाटला, तर खुशाल घ्या आणि मला दाखवायला आणा.

विकायचे असतील तर आधी काळ्या-जाड मंडळींपासून सुरुवात करा, गिऱ्हाईकही त्यांनाच लवकर मिळतं. पातं आधी कुठं घासलं, लॉक हलतो का, हे आपणहून सांगायचं. जुना, डागाळलेला चाकू असेल तर विकण्याआधी चकचकीत करू नका, जाणकार त्याची किंमत तिथंच कमी करतो. आणि तो लाल चाकू विकायचा नाही. माझा पहिला, पितळी मुठीचा, मी १९९० मध्ये चाळीस रुपयांना विकला. कुणाला, तेही आठवत नाही. अजून कधी जुन्या बाजारात तसा दिसला तर मी मूठ उलटून आतली खूण बघतो.

जे ठेवाल ते चामड्याच्या म्यानात ठेवून कपाटात कोंडू नका. चामडं ओल धरतं आणि आपल्या पावसाळ्यात दोन महिन्यांत पात्यावर म्यानाचा नकाशा उमटतो. म्यान वेगळं, चाकू वेगळा. रस्त्यावरच्या धारवाल्याकडे घरची सुरी खुशाल द्या, पण संग्रहातलं काही देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडताना काठाजवळ निळी झाक दिसली की समजा तिथं पातं तीनशे अंशांपर्यंत तापलं आणि पाणी उतरलं. ते मऊच राहतं, पुढं दगडावर कितीही घासा.

कायद्याचं थोडक्यात: घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी नसलेलं, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र नियमांत वेगळ्या वर्गात मोडतं, आणि बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूच्या वाटेला जाऊच नका. पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे बंदी आदेशही अधूनमधून लागू असतात. तेव्हा सणासुदीला, मिरवणुकीत, मोर्चाच्या दिवशी ओपिनेलसुद्धा घरी. विमानाला जाताना खिसा तपासा. माझा एक चांगला चाकू असाच सुरक्षा तपासणीत गेला.

आता कोयती. गुहागरच्या त्या कोयतीचं पातं बहुधा गावच्या लोहारानं ट्रकच्या कमानपाट्याचं केलेलं असेल. कमानपाटा म्हणजे खड्ड्यांतून लाखो वेळा वाकून न मोडलेलं पोलाद, त्याहून चिवट कोयतीला काय हवं? जाल तेव्हा तिची मूठ बघा. आजोबांचा हात उजवा की डावा हे मुठीच्या झिजेवरून कळेल. काठ मधोमध थोडा आत गेलेला असेल, तो वर्षानुवर्षं दगडावर पाजवून. पाठीला कदाचित ठोकल्याच्या खुणा असतील, आणि कमरेच्या आकडीत अडकवून अडकवून पात्याच्या एका बाजूला घासलेला पट्टा. तुमच्या एक्सेलच्या चारही रकान्यांत यातलं काही बसत नाही, म्हणूनच तुम्ही तिला 'अर्थात' वगळलंत. नवा रकाना करा आणि तिथं फक्त 'काय कापलं' एवढंच लिहा. ४१ पैकी किती ओळी रिकाम्या राहतात ते मला पुढच्या पत्रात कळवा. कोयती मात्र डोंबिवलीला आणू नका, तिथं तिला काम नाही.

राहिली मुलगी. नऊ वर्षं हे योग्य वय आहे, फक्त घडीचा चाकू लगेच नको. ओपिनेलच लहान मुलांसाठी गोल टोकाचा, न मिटणारा स्वयंपाकाचा चाकू करतं, तो चालेल, नाहीतर घरातली छोटी, धारदार सुरी. धारदार हवी, कारण बोथट सुरीवर मूल जोर लावतं आणि जोर लावला की हात सटकतो. तिला खाली बसवा, पाट द्या, धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायला शिकवा, आणि सुरी हातात असताना उठायचं नाही हा एकच नियम ठेवा. पहिल्या दिवशी काकडी द्या, आधी ती उभी चिरून तुम्ही सपाट करून ठेवा म्हणजे घरंगळणार नाही. सफरचंद महिन्याभरानं. आणि तिची काकडी चालू असताना तुम्ही शेजारी बसून दगडावर दुसरा चाकू घासत बसा, तिच्या हाताकडं टक लावून बघू नका. मुलं त्यानंच घाबरतात.